सुखाला ध्येयाचा दाखला कशाला हवा?

जानेवारी २०२५मध्ये 'लार्सन अँड टुब्रो'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं एक बोलणं सगळीकडे फिरलं. आठवड्याला ९० तास काम करा, रविवारीसुद्धा या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्याचा आशय होता. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबर २०२३मध्ये, 'इन्फोसिस'चे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना ७० तासांचा सल्ला दिला होता, तोही देशासाठी. दोन्ही वेळा विनोदांना ऊत आला. थट्टा व्हायला हरकत नव्हती, पण तिच्या नादात मूळ मुद्दा हातचा निसटला.

कारण या दोघांचं म्हणणं नुसतं तासांविषयी नव्हतं. माणसाच्या जगण्याचं सार्थक कशात, याविषयीचा तो ठाम दावा होता. मोठ्या कामाला स्वतःला जुंपून घेणारा धन्य आणि घरी निवांत बसणारा वाया गेलेला! गंमत अशी की विरोधकांनीही हा दावा मान्य करूनच विरोध केला. 'विश्रांती मिळाली की माणूस सोमवारी जास्त चांगलं काम करतो', 'ताज्या डोक्याची उत्पादकता जास्त असते', वगैरे. म्हणजे रविवारची दुपारची झोप माफ, पण ती सोमवारची पूर्वतयारी आहे म्हणून. झोप ही झोप म्हणूनच चांगली असते, एवढं म्हणायला फारसं कोणी धजावलं नाही.

मला तेच म्हणायचं आहे. साध्या सुखाला ध्येयाकडून दाखला आणायला लावू नये. ध्येयाने माणसाला बळ येतं हे मी नाकारत नाही, पण त्याला दोन अटी आहेत. ते ज्याचं त्याने निवडलेलं असावं आणि त्याची किंमतही ज्याची त्याने मोजावी. महाराष्ट्रात ध्येयवादाचे सत्कार पुष्कळ झाले. या दोन अटी पाळल्या गेल्या का, याची चौकशी कमी झाली.

आज आपण जो रविवार गृहीत धरतो, तोच घ्या. १८८०च्या दशकात मुंबईच्या गिरण्या सूर्योदयाला सुरू होत आणि सूर्यास्ताला थांबत. आठवड्याच्या हक्काच्या सुट्टीचा नियम नव्हता, आणि ज्या रविवारी गिरणी बंद असे त्या दिवशीही यंत्रं साफ करायला कामगारांना बोलावलं जाई. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४मध्ये त्यांनी सभा घेतल्या, साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला आणि त्यात आठवड्याची एक सुट्टी मागितली. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. सहा वर्षं गेली एका वाराच्या मागणीत.

या मागणीमागचं कारण म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, रविवार हा खंडोबाचा वार. दुसरी, सहा दिवस मालकाचे झाले, आता एक दिवस समाजासाठी हवा. देवदर्शन आणि समाजकार्य या दोन्ही गोष्टी कोणाही सभ्य माणसाला मान्य होतील अशाच. पण सुट्टी मिळाल्यावर त्या दिवसाचं काय केलं, याचा हिशेब कामगाराला कोणाला द्यावा लागला नाही, ही त्या विजयातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कोणी जेजुरीला गेलं असेल, कोणी आखाड्यात, कोणी भजनाला, कोणी तमाशाला. कोणी खोलीत जागा नाही म्हणून चाळीच्या गॅलरीत पथारी टाकून दिवसभर घोरलं असेल. या सगळ्यांचा रविवार सारखाच त्यांच्या हक्काचा होता.

आता उलटा प्रवास पाहा. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जास्त काम घेतलं तर ओव्हरटाइम मिळेल, असं सांगितलं गेलं. पण तिमाहीला ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर नेली. कागदावर हिशेब बसतो. बारा तासांच्या पाळीला जाण्यायेण्याचे दोन-अडीच तास जोडले की त्या दिवसात उरतं काय, ते मात्र चाकणच्या किंवा वाळूजच्या कंपनी-बसमध्ये माना टाकून झोपलेल्या पोरांकडे पाहूनच कळतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. देशासाठी ७० तास म्हणताना हा आकडा कोणी भाषणात घेत नाही.

सुख मोठं की ध्येय, हा वाद अर्थातच जुना आहे. आपल्याकडे त्याचा दाखला म्हणून कठोपनिषदातला नचिकेता हमखास पुढे केला जातो. यम त्याला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, रथात बसून गाणाऱ्या अप्सरा, सगळं देऊ करतो. मुलगा म्हणतो, हे तुझं तुलाच राहू दे. प्रेय, म्हणजे मनाला आवडणारं, नाकारून श्रेय, म्हणजे खऱ्या कल्याणाचं, निवडलं, म्हणून तो आदर्श. पण ही गोष्ट सुरू कशी होते, ते पुन्हा वाचून पाहावं. बाप सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडून बसलाय. दानाला काढल्या आहेत त्या आटलेल्या, म्हाताऱ्या गाई. पोरगं विचारतं, मला कोणाला देणार? पुन्हा विचारतं, तिसऱ्यांदा विचारतं. बाप वैतागून म्हणतो, तुला मृत्यूला दिला. बापाचं उद्दिष्ट स्वर्गाएवढं उंच, आणि त्यापायी यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलं कोण, तर मुलगा. मग यम तीन वर देतो. त्यातला पहिला वर नचिकेता आत्मज्ञानासाठी खर्च करत नाही. वडिलांचा राग शांत व्हावा, मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावं, एवढंच तो मागतो. प्रवचनांत आत्मज्ञानाच्या तिसऱ्या वरावर तासच्या तास बोललं जातं. पहिला वर दोन मिनिटांत उरकतात.

तिकडे प्राचीन ग्रीसमध्ये तत्त्वज्ञ एपिक्युरसचं नाव उगीच बदनाम झालं. सुखवादी म्हणजे खादाड आणि विलासी, अशी समजूत. हा गृहस्थ अथेन्सबाहेरच्या आपल्या बागेत मित्रांबरोबर साधं खाऊन राहायचा, आणि एका मित्राला त्याने लिहिलं होतं की छोटं भांडंभर चीज पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. त्याच्या लेखी सुख म्हणजे शरीराला पीडा नसणं आणि मनाला धास्ती नसणं. आजच्या कंपनीच्या भाषेत सांगायचं तर रात्री अकराला साहेबाचा मेसेज येणार नाही याची खात्री.

ध्येयाची बाजू मात्र मी हलकी करून दाखवणार नाही. २००४मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तपशील लिहून घेतला: काय केलं, तेव्हा कसं वाटत होतं. मुलांचं करणं हे त्या यादीत टीव्ही पाहण्याच्या आणि स्वयंपाकाच्याही खाली निघालं. पण त्याच आयांना विचारा, आयुष्यात सर्वांत मोलाचं काय, तर बहुतेक जणी मुलांचंच नाव घेतील. क्षणाक्षणाच्या सुखांची बेरीज केली तरी आयुष्याच्या समाधानाचं उत्तर येत नाही, हे मान्यच करायला हवं. जपानमध्ये ओसाकी भागात ४३ हजारांहून अधिक लोकांचा सात वर्षं मागोवा घेतला गेला, त्यात जगण्याला काही अर्थ आहे असं न वाटणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. आजारी माणसाची उमेद आधीच खचलेली असू शकते, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासातून छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी म्हातारपणी सकाळी उठायला काही निमित्त लागतं, हे कोणत्याही आजोबांना विचारलं तरी कळेल.

माझा झगडा या निष्कर्षांशी नाही. 'ध्येय चांगलं' इथून 'तुला ध्येय मी देतो' इथवर जी उडी मारली जाते, तिच्याशी आहे. आणि त्यासाठी टेक्सास-जपान करायची गरज नाही. पुण्यातलं एकच घर पुरे.

धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे. जन्म १८५८, आयुष्य १०४ वर्षांचं, शंभरी गाठताना भारतरत्न. ध्येय माणसाला कसं तगवतं याचं याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडायचं नाही. १८९३मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६मध्ये महिला विद्यापीठ. आश्रमाची झोपडी हिंगण्याच्या माळावर उभी राहिल्यावर दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, असा अण्णांचा क्रम होता. हे चालणं त्यांना जड गेलं असं कुठे जाणवत नाही. उलट त्या पायपिटीतच त्यांचं सुख असावं.

पण त्या घरात गोदूबाईही होत्या, पुढे सगळे त्यांना बाया म्हणत. वयाच्या आठव्या वर्षी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुनर्विवाहानंतर मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला, तो दोघांनी मिळून सोसला. नंतरची ओढाताण मात्र वेगळ्या जातीची होती. अण्णांची मिळकत आणि वेळ आश्रमाकडे वाहत होता, आणि उरलेल्यात संसार बायांनी ओढायचा होता. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्यात अभिमान आणि तक्रार एकमेकींना लागूनच येतात. कुठेही साजूकपणा नाही. बायांनी स्वतः आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली, म्हणजे ध्येय त्यांचंही होतं. तरीही घरात पैसे नसताना मुलांच्या पानात काय वाढायचं, हा प्रश्न एकट्या बायांपुढे होता. शतकानंतर आपण आश्रमाचा इतिहास शिकवतो. त्या पानाचा हिशेब कुठल्या पाठ्यपुस्तकात आला?

आणि याच घरातले रघुनाथ धोंडो कर्वे, अण्णांच्या पहिल्या लग्नाचे पुत्र. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हाच प्रचार अंगाशी येऊन १९२५मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती चालवलं. त्यांचं सांगणं ऐकून त्या काळचे ध्येयवादी हादरले, आणि माझा अंदाज आहे आजचेही हादरतील. कोणाला इजा होत नसेल तर शरीरसुख हे सुख म्हणूनच चांगलं, त्याला अपत्याचं किंवा वंशाचं निमित्त लागत नाही, आणि त्यावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे. यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, मासिक पुढे चालू राहिलं.

बाप ध्येयाचा माणूस आणि मुलगा सुखाचा, अशी सोपी मांडणी इथे मोडून पडते. सुखाची बाजू घेणारा हा माणूस आयुष्यभर पदरमोड करत, टीका खात, विलक्षण शिस्तीत जगला. त्याचं ध्येयच मुळी इतरांचं सुख होतं. आणि त्याने निदान एक गोष्ट नीट केली. पत्नी मालतीबाईंसह दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला. या ओढाताणीत एखादं पोर भरडलं जाणार नाही, हे त्यामुळे आपोआप साधलं. मालतीबाईंच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न इथेही उरतोच.

र. धों.च्या आधी गोपाळ गणेश आगरकरांनीही हेच सूत्र धरलं होतं. माणसांचं ऐहिक सुख वाढावं, यासाठी त्यांची सुधारणेची सारी खटपट. श्रीमंतीची वाट सोडून पोटापुरत्यावर राहीन, असं त्यांनी आईला कळवलं होतं, आणि १८९५मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आगरकर ज्या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला मानत, त्याची गोष्ट या वादात हमखास अर्धीच सांगितली जाते. वयाच्या विसाव्या वर्षी, १८२६मध्ये, मिलने स्वतःला विचारलं: ज्या सुधारणांसाठी मी झटतो आहे त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो खचलेला होता. यातून त्याने काढलेला धडा प्रसिद्ध आहे: सुखाच्या मागे लागलात तर ते हुकतं, दुसऱ्या कशात तरी मन गुंतवा. ध्येयवाल्यांना हे वाक्य फार आवडतं. पण लहानपणापासून ध्येयासाठीच घडवलेला हा पोरगा सावरला कशाने? वर्ड्‌स्वर्थच्या कविता वाचून. डोंगर, तळी, फुलं, कशाचाही सुधारणेशी संबंध नाही. निव्वळ वाचनसुखाने त्याचं ध्येय त्याला परत मिळालं.

ही सगळी मोठी नावं झाली. कार्यकर्त्यांची साधी घरं ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना ठाऊक असेल की तिथे चहाचं पातेलं नेहमीच्या घरांपेक्षा मोठं असतं. बैठक बाहेरच्या खोलीत रंगते, पातेलं आत दोनदा चढतं, आणि बैठकीचा विषय बहुधा स्त्रीमुक्ती किंवा श्रमिकांचे हक्क असतो. कार्यकर्ता गेल्यावर शोकसभेत 'वहिनींची साथ' असा एक परिच्छेद ठरलेला. वहिनींना काय आवडायचं, नाटक की पोहणं की नुसतं झोपाळ्यावर बसणं, हे त्या सभेत कोणालाही सांगता येणार नाही. शोकसभांचं एकूणच नवल वाटतं मला. गेलेला माणूस किती राबला हे दहा वक्ते सांगतात. त्याला हापूसची कोय चोखायला किती आवडायचं, हे सांगायला कोणी उभं राहत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामासाठी बायका दिवसाला २८९ मिनिटं देताना दिसतात आणि पुरुष ८८. ही ती कामं करणाऱ्यांचीच सरासरी आहे. हातही न लावणारे पुरुष तर तिच्यात धरलेलेच नाहीत. एवढी विषमता टिकते कशी? जबरदस्तीने थोडी, पण जास्त करून गौरवाने. आईपण, त्याग, घराचा आधार असे शब्द वापरून तिला एक ध्येय बहाल केलेलं असतं, आणि ध्येय म्हटलं की मजुरी मागायची सोय राहत नाही. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' म्हणणारी कंपनी नेमकी हीच युक्ती घरातून उचलते. आशा कार्यकर्तींचं पाहा. सरकार त्यांना स्वयंसेविका म्हणतं, मोबदल्याला मानधन म्हणतं, आणि त्यांनी पगार मागितला की सेवाभावाची आठवण करून देतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. आजचं सुख म्हणजे काय, तर रील्स आणि ऑनलाइन मागवलेली बिर्याणी. मोकळा वेळ दिला तर तो मोबाइलच खाणार, मग माणसाला ध्येयाला जुंपलेलं काय वाईट? हे खोटं नाही. अंगठ्याने तासभर स्क्रीन सरकवून झाल्यावर बहुतेकांना सुख झाल्यासारखं वाटत नाही, हे मी माझ्यावरूनही सांगतो. पण माणूस रात्री साडेदहाला बारा तास उभं राहून घरी आला की त्याच्याकडून दुसरं काही होण्यासारखं असतं का? रियाजाला, पोहायला, पत्त्यांचा डाव मांडायला, पोरीला सायकल शिकवायलाही अंगात थोडी ताकद शिल्लक लागते. गिरणगावात कामगारांनी भजनी मंडळं चालवली, शाहिरी केली, पाळ्या सांभाळून तालमी करून परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटकं गाजवली. त्यांना मोबाइल नव्हता हे एक कारण आहेच. दुसरं कारण त्यांच्या पाळीचं भोंग्याने ठरलेलं टोक हे आहे. भोंगा झाला की साहेबाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. तेव्हा हलकं सुख नको असेल, तर आधी वेळ आणि दम हवा. नुसता उपदेश करून कोणी चांगल्या सुखाकडे वळलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून सरकारने 'आनंद' शिकवायला जाऊ नये, असं माझं मत आहे. मध्य प्रदेशाने २०१६मध्ये त्यासाठी वेगळा विभाग काढला, दिल्लीने २०१८मध्ये शाळांत आनंदाचा तास सुरू केला. हेतू चांगले असतील. पण मला कसं आनंदी व्हायचं हे सांगणारा विभाग आणि मी कशासाठी राबायचं हे सांगणारा उद्योगपती, दोघेही माझ्याच दिवसावर बोट ठेवून बोलतात. सरकारच्या हातात आहे ते याहून साधं आहे. कामाचे तास कायद्याने आवरणं, सुट्टीच्या दिवशी फोन न उचलण्याचा हक्क देणं, वॉर्डातलं मैदान पार्किंगला न देणं, सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान वेळेवर सोडणं, नगरपालिकेच्या तलावात बायकांना सोयीची वेळ ठेवणं. पुढे त्या वेळात कोण शंभर मुलांची शाळा काढेल आणि कोण कट्ट्यावर बसून शेंगा खाईल, हे ज्याचं त्याने पाहावं.

नव्या दुरुस्तीत ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, अशी तरतूद सांगितली आहे. ठेकेदारामार्फत लागलेला, दर महिन्याला खोलीचं भाडं देणारा पोरगा त्या कागदावर सही करणारच, हे ती तरतूद लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं. आणि समजा त्याने खरोखर राजीखुशीने केली, तरी बारा तासांनंतरची त्याची संध्याकाळ ज्यांच्या वाट्याची होती, त्या बायकोला आणि पोरांना कोणी विचारलेलं नसतं. तेव्हा अधिवेशनात तासांवर चर्चा होईल तेव्हा मूळ वेतन इतकं वाढवा की ओव्हरटाइम नाकारणं परवडेल, ही मागणी तासांच्या मागणीला जोडूनच करावी लागेल. त्याशिवाय संमतीला काही अर्थ नाही.